कावळा हा मासा आहे

बुद्धभूषण पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आला, तेव्हा माझे डोळे मिटायला आले होते.

"नूतन मॅडम, पालेगावात शेती होते, हे तुम्ही चूक धरलंय?"

"तिथे आता टॉवर आहेत ना!"

"टॉवरच्या मागे आमची आई भात लावते. येऊन बघा ना एकदा..."

अंबरनाथच्या आमच्या ऑफिसात कामच हे. कॉम्प्युटर इंटरनेटवरची पानं वाचून आपलं आपण शिकतो आणि जे कळलं त्याची वाक्यं करून समोर टाकतो. ती बरोबर की चूक, हे दोघांनी वेगवेगळं बसून ठरवायचं. उत्तरं जुळली नाहीत, तरच एकत्र बसून मिटवायचं. एरवी बोलायला बंदी.

त्या दिवशी मी हरले. मग आमची उत्तरं रोजच जुळेनाशी झाली. 'कावळा हा मासा आहे' हे तर त्याने चक्क बरोबर ठरवलं!

"शाळेत गेला होतास का रे?"

"गेलो होतो... पण असं समजावणारं कोणी नव्हतं."

खुर्ची ओढून तो शेजारी बसला आणि मी हसले. किती दिवसांनी, कोण जाणे. आठवड्यातून तीनदा दुपारी आईला डायलिसिसला न्यायचं, उरलेल्या वेळात घर. थकवा हाडांत मुरला होता. त्यातली ही दहा मिनिटं तेवढी माझी असायची. खरं सांगते, तो मला आवडायला लागला होता.

आणि एक दिवस आमच्या ऑफिसचे प्रमुख मुकेश सर, त्यांनी दोघांनाही बोलावलं. "तुमची उत्तरं जुळतच नाहीत. कोण चुकतंय ते वरचे बघत नाहीत. सोमवारपासून दोघांचंही काम बंद."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. घराजवळची, दुपारी दोनला सोडणारी दुसरी नोकरी मला कोण देणार होतं?

जिन्यात मी त्याला गाठलं. "मुद्दाम चुकत होतास?"

"हो... तुझ्याजवळ बसायला मिळायचं."

"तुझा खेळ होतो आणि जीव माझा जातो!"

तो तसाच मागे फिरला. सरांचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. "सर, चुका माझ्या आहेत, माझी उत्तरं काढून बघा. मॅडमना ठेवा. मी जातो."

बऱ्याच वेळाने तो बॅग घेऊन बाहेर आला. "तुझी नोकरी राहिली," एवढंच म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

राग होताच. पण तो चालला, तसा माझा जीव कासावीस झाला.

"थांब... आता माझ्याजवळ बसायला निमित्त नाही तुला."

"नाही ना."

"मग निमित्ताशिवाय ये. उद्या आईचं डायलिसिस आहे, ती आत असते तेव्हा चार तास मी बाहेर बाकावर एकटी असते. मला नाही सोसत रे आता एकटीला. आणि तिथे हसण्यासारखं काही नसतं, आधीच सांगते."

तो दोन पायऱ्या वर चढला.

"किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.