चांगल्याला डागी

"अहो, तो दाणा माझा आहे!"

शीळफाट्याजवळच्या तांदळाच्या गोदामात मालू नमुने तपासत बसली होती, आणि एका अनोळखी तरुणाने तिच्या ताटातला दाणा चिमटीत उचलला होता.

"तुमचा? नाव लिहिलंय का त्यावर?" तो हसला.

तो हरिहर. साल शहाण्णव. पुण्याच्या कंपनीने त्याला कॅमेरा आणि कॉम्प्युटर देऊन दोन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. कॅमेऱ्याने दाण्याचा फोटो घ्यायचा, मालूने 'चांगला', 'कणी' की 'डागी' ते सांगायचं, आणि त्यावरून मशीनने दाणे ओळखायला शिकायचं.

"म्हणजे माझी नोकरी घालवायला आलात?"

"छे! तुमची नजर शिकायला आलोय..."

मालू मोहने गावची, जिभेची तिखट. पण त्या दिवशी तिने ताटच त्याच्यापुढे सरकवलं.

काळ्या कागदावर दाणे मांडताना बोटाला बोट लागायचं. दोघंही सॉरी म्हणायचे, आणि पुन्हा तसेच मांडायचे. दुपारी तिच्या डब्यातली सुकटीची चटणी खाऊन त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी विचारायचा, "अजून आहे?"

दिवस भुर्रकन गेले. मशीन दहातले नऊ दाणे बरोबर सांगू लागलं. "सोमवारी साहेब बघायला येतील," तो खुशीत म्हणाला. "जमलं, की मग पुणे!"

मालूला तो जायला नको होता. सरळ 'थांबा' म्हणायचं सोडून पोरीने भलतंच केलं. प्रेमात अक्कल गहाण पडते, ती अशी! शनिवारी दिवसभर ती चांगल्याला डागी सांगत राहिली, डागीला चांगला. मशीन चुकलं की अजून पंधरा दिवस राहतील, एवढंच तिचं गणित. हरिहरने रविवार खर्ची घालून ते सगळं मशीनला शिकवलं.

सोमवारी मशीनने काळा पडलेला दाणासुद्धा चांगला ठरवला. साहेबांनी काम तिथेच बंद केलं. हरिहर मान खाली घालून वायरी गुंडाळू लागला.

"मी... मी मुद्दाम खोटं सांगितलेलं," मालू रडतच म्हणाली. "तुम्ही जाऊ नये म्हणून."

त्याचे हात थांबले. "मला दिसत होतं, मालू. दाणा चांगला दिसायचा, तुम्ही डागी म्हणायचात. वाटलं, तुमची नजर कशी चुकेल? माझीच चुकत असेल."

"रागावलात?"

"नाही. पण आता तुम्ही काहीही म्हणालात तरी... ते खरं की खोटं, मला कळायचं नाही."

मालूच्या ओठांवर आलेलं 'थांबा' तिथेच राहिलं. सामान भरून, हरिहरला घेऊन टेम्पो फाट्याकडे वळला. मग तिने ते म्हटलं — अगदी स्पष्ट, रिकाम्या टेबलापाशी उभं राहून.