तोवर जागा धरते

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी आठ वाजता मँचेस्टरहून सहलीचा कोच सुटला, तेव्हा अनुयाला खरं तर झोपेखेरीज काहीच नको होतं. आदल्या रात्री सुपरमार्केटमधली शिफ्ट संपवून ती साडेअकराला खोलीवर आली होती, आणि त्याआधीचे चार दिवस असाइनमेंटमध्ये गेले होते. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्लंडची खेडीपाडी दाखवायची म्हणून युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थी मंडळाने ही सहल काढली होती. स्वरालीने तिला न विचारताच तिचं नाव देऊन टाकलं होतं. स्वराली पुण्याची, शेजारच्या खोलीत राहणारी. उशीत तोंड खुपसून रडण्यापेक्षा चार मेंढ्या बघ, असं तिचं म्हणणं.

अनुया मिरजेची. घर सोडून राहायची तिची ही पहिलीच वेळ. सप्टेंबरात आली तेव्हा वाटलं होतं, आठवण येईल, डोळ्यांत पाणी येईल, मग सवय होईल. पण घरची ओढ दुखत नाही, दमवते, हे तिला इथे येऊन कळलं. जिना चढताना, कपडे धुताना, सुपरमार्केटमधल्या फळीवर डबे रचताना ती ओढ अंगात शिशासारखी भरून असायची. आईचा फोन आला की अनुया सगळं छान आहे म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर आणखी दमलेली असायची.

दिवसभर खिडकीबाहेर तेच ते दिसत होतं. हिरवे डोंगर, दगडांच्या कुंपणभिंती, पावसात पाठ करून उभ्या मेंढ्या. बेकवेल नावाच्या गावात सगळ्यांनी भिजत भिजत जेवण उरकलं. गॅरेथ नावाचा टूर लीडर होता, वेल्सचा, काटकुळा, पण आवाज खणखणीत. प्रत्येक थांब्यावरून निघताना तो हातातलं मोजायचं यंत्र टकटक वाजवत कोचमधून एक चक्कर मारायचा. बेचाळीस. आकडा जुळला की ड्रायव्हरला खूण करायचा.

सव्वातीनला शेवटचा थांबा आला. डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव. एक चर्च, एक ओढा, दहा-बारा दगडी घरं. चारला कोच सुटेल, अंधार लवकर पडतो, कुणी रेंगाळू नका, असं गॅरेथने बजावलं. स्वराली बाकीच्यांबरोबर चर्च बघायला निघाली. अनुयाचे पाय बोलत होते. मी इथेच कुठेतरी टेकते, असं सांगून ती रस्त्याने उलट दिशेला चालू लागली.

वळणापलीकडे रस्त्याच्या कडेला एक बस शेल्टर होतं. जुनं, दगडी, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, आत लाकडी बाक. वेळापत्रक लावायची चौकट रिकामी. आत ओल्या दगडाचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक, ओळखीचा. फिनेलने पुसलेल्या हॉस्पिटलच्या फरशीचा. बाकाच्या त्या टोकाला कुणीतरी बसलेलं आहे, हे अनुयाला बसल्यावरच दिसलं.

म्हातारी बाई. अंगावर फिकट साडी, वर पातळ राखाडी कार्डिगन, पायांत लोकरी मोजे आणि काळे बूट. केस ओले. ती रस्त्याकडे बघत होती. अनुयाकडे न वळताच ती म्हणाली,

"दमलीस ना बाळ?"

मराठी ऐकून अनुया चटकन तिच्याकडे वळली. दहा आठवड्यांत स्वराली सोडून कुणी तिला समोरासमोर असं विचारलं नव्हतं. तिने हो म्हटलं. मग दोघींचं बोलणं सुरू झालं. बाईंचं नाव सुप्रभा. मिरजेलाच नर्सिंग शिकल्या आणि तिथून इकडे आल्या, वरच्या डोंगरावरच्या हॉस्पिटलात. कधी आलात, असं अनुयाने विचारलं, तर म्हणाल्या, झाली की पुष्कळ वर्षं. परत गेला नाहीत का, तर म्हणाल्या, बसच येत नाही गं.

अनुयाला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. खेड्यातल्या बसेस, त्यातून शनिवार. आणि बाई मिरजेचं विचारत होत्या, त्यापुढे तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. घर कुठे? स्टेशनकडून गेलं की कोणत्या हाताला? दाराला आतून कडी असते की लोटलेलं? आई सकाळी किती वाजता उठते? चहा कशाने ढवळते? तू बाहेरून आलीस की पहिला शब्द काय बोलते? बाबा कानाने नीट आहेत? अनुया सांगत गेली. कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगत गेली. आई भाजी निवडताना गुणगुणते आणि मध्येच ओळ विसरते, बाबा झोपण्याआधी गॅसचा कॉक दोनदा तपासतात, ती उशिरा आली की आई न रागावता नुसती म्हणते, "आलीस? हातपाय धू." एकेक सांगताना तिला हलकं वाटत होतं. जड गाठोडं कुणीतरी हळूहळू उतरवून घ्यावं तसं. बाई प्रत्येक उत्तर ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघत होत्या.

बाहेर उजेड विझत चालला होता. बाईंना हुडहुडी भरली. अनुयाने आपलं लाल जॅकेट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं. असं काही करताना माणूस विचार करत नाही.

"चार वाजत आले, मला निघायला हवं," ती म्हणाली. पण उठली नाही. पाठ भिंतीला टेकली होती आणि ती भिंत विलक्षण मऊ वाटत होती.

"टेक अजून जराशी," बाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, जॅकेटची टोपी त्यांनी डोक्यावर ओढून घेतली. "तोवर मी तुझी जागा धरते."

त्या वळणापलीकडे गेल्या. अनुया बघत राहिली. आपण काहीतरी बोलायला हवं, हाक मारायला हवी, हे तिला कळत होतं, पण ते कुणा दुसऱ्याचं काम असल्यासारखं कळत होतं. थोड्या वेळाने इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग दिवे लावलेला कोच वळणावरून आला आणि शेल्टरच्या समोरून हळूहळू गेला. रस्ता अरुंद होता, काचा हाताच्या अंतरावर होत्या. गॅरेथ पुढे पाठमोरा उभा होता, निवांत. म्हणजे मोजणी झाली होती. आकडा जुळला होता. पाचव्या खिडकीतून पलीकडच्या बाजूला बसलेली स्वराली दिसली, आणि तिच्याही पलीकडे, अनुयाच्या जागेवर, लाल टोपी घातलेलं कुणीतरी.

अनुयाने हात वर करायचा प्रयत्न केला. हात मांडीवरच राहिला.

कोचचे मागचे लाल दिवे दिसेनासे झाले. अंधार झाला. ओढ्याचा आवाज येत होता. थंडी आधी बोटांत होती, मग तीही कळेनाशी झाली. भीती वाटत नव्हती, आणि पुढे कितीतरी दिवस तिला याच गोष्टीची भीती वाटत राहिली. बस येईल, एवढंच डोक्यात होतं. आपल्याला कुठेही जायचं नाही, नुसतं बसायचं आहे... बस येईल...

किती वेळ गेला कोण जाणे. एका गाडीचे दिवे भिंतीवर पडले आणि तिथेच थांबले. गाडीतून एक म्हातारा उतरला. चिखलाचे बूट, हातात काठी. तो छपराखाली आला नाही. रस्त्यातच उभा राहून त्याने काठीची मूठ तिच्यापुढे धरली आणि हळू आवाजात, घाबरलेल्या जनावराशी बोलावं तसं, तो तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. हे धर. धर आणि बाहेर ये. तिने मूठ धरली. त्याने ओढलं. रस्त्यावर पाय पडताच थंडी एकदम हाडापर्यंत शिरली आणि ती थरथर कापत रडायला लागली.

त्याने तिला गाडीत बसवलं, हीटर लावला आणि गाडी हाकली. मग म्हणाला, इथे बस थांबायची बंद होऊन तीसेक वर्षं झाली. डोंगरावरचं हॉस्पिटल त्याआधीच गेलं. तो लहान असताना दर रविवारी तिथल्या नर्सेस पातळ कोट घालून या बाकावर बसलेल्या असायच्या, लांबलांबच्या देशांतल्या. त्याची आई त्यांना कधी कधी गरम काहीतरी आणून द्यायची. नंतर, हॉस्पिटल बंद झाल्यावर, तीच आई मुलांना सांगायची, तिथे बसू नका. वाईट कुणी नाही तिथे. पण ते घरचं विचारतात, आणि सांगायला लागलं की माणूस बसूनच राहतं.

"तू काय काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सगळं," अनुया म्हणाली.

वायपर फिरत राहिले.

घाट चढून गाडी वर आली आणि फोनला रेंज मिळाली. अनुयाने जीन्सच्या खिशातला फोन काढून स्वरालीला लावला. बऱ्याच रिंगनंतर स्वरालीने उचलला, दबक्या आवाजात. कोचमध्ये सगळे झोपले असावेत.

"हॅलो? कोण?"

"अगं, मी अनुया. मी मागे राहिले..."

पलीकडे कोचच्या इंजिनाची घरघर.

"हे बघा, मस्करी करू नका," स्वराली इंग्रजीत म्हणाली. "तिचा फोन तुम्हाला कुठे मिळाला?"

"स्वराली, मीच आहे गं. माझा आवाज ओळखत नाहीस?"

मग मराठीत, अगदी हळू, "अनुया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीय... मगाचपासून तिचं अंग इतकं गार..." आणि तिथे रेंज गेली.

म्हाताऱ्याने तिला एका छोट्या स्टेशनवर सोडलं, स्वतःचा कोट दिला आणि ट्रेन येईपर्यंत थांबला. ती हॉस्टेलवर पोहोचली तेव्हा स्वराली कॉमन किचनमध्ये दिवा लावून बसली होती. अनुयाला बघून ती उठली नाही. आधी तिने नीट निरखून बघितलं, मग जवळ ये म्हणाली, मग तिचा हात हातात घेऊन बराच वेळ दाबत राहिली.

तिने सांगितलं ते असं. शेवटच्या थांब्यावर अनुया सगळ्यांच्या आधी येऊन जागेवर बसली होती, टोपी ओढून, खिडकीकडे तोंड करून. अर्धा रस्ता ती मिरजेबद्दल बोलत होती, तुटक तुटक, पाठ केल्यासारखं. आवाज बसल्यासारखा वाटला, स्वरालीला वाटलं सर्दी. मग ती झोपली. फोन आल्यावर स्वरालीने टोपीच्या आत बघायचं ठरवलं, पण हात पुढे गेला नाही. कोच थांबला, दिवे लागले, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि स्वरालीच्या गुडघ्यांना स्पर्शही न होता बाहेर निघाली. जाताना एवढंच म्हणाली, जाते घरी. दाराशी गर्दी होती. स्वराली खाली उतरेपर्यंत कुणी नव्हतं. लाल जॅकेट कोचच्या पायरीवर पडलं होतं, आतून भिजलेलं.

ते जॅकेट दोघींनी दुसऱ्या दिवशी टाकून दिलं. त्या विषयावर पुढे फारसं बोलणं झालं नाही. स्टेशनवर म्हाताऱ्याने दिलेल्या पत्त्यावर अनुयाने त्याचा कोट पोस्टाने परत पाठवला. परीक्षा झाल्या. बर्फ पडून गेला. घरी तिने यातलं काहीही सांगितलं नाही. आई-बाबा दोघंच असतात, उगाच काळजी करत बसतील, असं तिला वाटलं.

शिवाय फोनवर आई खुशीत असायची. आवाज मोकळा झाला होता. तुझी आठवण येते म्हणून आधी ती मध्येच गप्प व्हायची, तसं आता होत नव्हतं. सवय झाली असेल, असं अनुया स्वतःला सांगायची, आणि तिला थोडं लागायचंही.

मार्चमध्ये एका दुपारी लेक्चर संपवून तिने लायब्ररीच्या पायऱ्यांवरून फोन लावला. मिरजेत तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती. आई बाबांच्या गुडघ्याचं सांगत होती. डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कोणत्या. बोलता बोलता तिने फोन जरासा दूर धरला आणि हळूच, सवयीने बोलावं तसं ती म्हणाली,

"तू बस गं जेवायला. गार होतंय. मी आलेच."

अनुयाच्या हातातली पुस्तकं पायरीवर घसरली.

"आई... कुणाला म्हणालीस?"

"कुठे काय?" आई जराशी थांबली. "बाबांना म्हटलं."

लग्न झाल्यापासून आई बाबांना 'अहो' म्हणत आली होती.

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. "बरं, ठेवते हं," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच फोन तिने आधी ठेवला.