दातांच्या डॉक्टरांचं स्टेशन

आमची छोटी गाडी धावत होती तोवर तिला कुणी विचारत नव्हतं. गळकी, कळकट, चढावर सायकलवाल्यानं मागे टाकावी अशी. ती बंद पडली, पंधरा वर्षं गंजत राहिली आणि मग एकाएकी सगळ्यांना तिचा पुळका आला. आता वर्षातून दोन दिवस तिचा महोत्सव भरतो. इंजिनाला नवा काळा रंग, पितळेला पॉलिश, डब्यांना पडदे. ज्यांनी तेव्हा कधी धड तिकीट काढलं नाही, ते आता तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला रांग लावतात. मी या मार्गावर एकोणीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी वरच्या स्टेशनात सहायक मास्तर म्हणून. त्यामुळे मलाही छातीवर बिल्ला लावून एका खुर्चीत बसवतात. इंजिनासारखंच, फक्त मला कुणी पॉलिश करत नाही.

यंदा पुतणी सकाळीच खुर्चीपाशी आली. दादाची एकुलती एक मुलगी. हॉस्पिटलात नर्स आहे, अपघात विभागात.

“काका, चार वाजता पाटी उघडणार आहेत.”

“माहीत आहे.”

“बाबांचं नाव नाहीये तिच्यावर.”

कामावर असताना गेलेल्या लोकांची ती पाटी. सात नावं होती. आठवं घालायला समिती तयार नव्हती, कारण चौकशीत दोषी ठरलेल्या माणसाचं नाव कसं घालणार?

“तुम्ही त्या दिवशी ड्यूटीवर होता,” ती म्हणाली. “अध्यक्षांशी बोलले मी. म्हणाले, मास्तरांनी वेगळं काही सांगितलं तर आम्ही नाव घालू. एकच वाक्य बोला ना काका.”

“जे सांगायचं ते चौकशीत सांगितलं. आता वरातीमागून घोडं कशाला?”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे दादाचे आहेत, याला मी काय करणार? मी उठलो आणि गोदामाकडे चालू लागलो.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, गाडीचा ड्रायव्हर. सत्तावीस वर्षांपूर्वी एका दुपारी वरच्या स्टेशनातून त्याची गाडी सुटली आणि पाऊण मैलावर, खिंडीतल्या वळणावर, खालून येणाऱ्या मालगाडीवर समोरासमोर आदळली. आमचा मार्ग एकेरी. त्याचा नियम लहान पोरालाही कळेल असा: दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच टोकन बाहेर असतं. टोकन म्हणजे पितळेचा गोळा. तो ज्या ड्रायव्हरकडे, त्याचा रस्ता. एका स्टेशनात तो यंत्रातून काढला की दोन्हीकडची यंत्रं आपोआप कुलूपबंद होतात, दुसरा निघतच नाही. मालगाडीच्या इंजिनात टोकन सापडलं. दादाच्या इंजिनात सापडलं नाही. मी साक्ष दिली, की मी त्याला टोकन दिलंच नव्हतं, तो न घेताच निघाला. चौकशी दोन दिवसांत उरकली. वहिनींना पेन्शन मिळालं नाही. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुऊन त्यांनी पोरीला वाढवलं. मला वर्षभरात बढती मिळाली.

वहिनी शेवटपर्यंत एकच म्हणायच्या, “भावोजी, हे टोकनाशिवाय पाऊल उचलणारे नव्हते हो.” मी मान खाली घालून चहा प्यायचो. गेल्या वर्षी त्या गेल्या.

गोदामात हौशी लोकांनी टेबलं मांडली होती. खेळण्यातल्या गाड्या म्हटलं की ही मंडळी चिडतात, मॉडेल म्हणायचं. कुणाचा बोगदा, कुणाचं बंदर, कुणी कापसाचा बर्फ केलेला. सगळीकडे बारीक घरघर आणि गरम तारांचा वास. सगळ्यात मोठं टेबल दातांच्या डॉक्टरांचं होतं, आणि त्यावर आमचं वरचं स्टेशन होतं.

खरं सांगायचं तर मी चाट पडलो. पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, मोडका बाक, पुढे खिंड, खिंडीतलं वळण. जुन्या फोटोंवरून चार वर्षं खपून त्यांनी ते केलं होतं.

“पेशंट तोंड उघडून बसलेला असतो मास्तर, आणि मी मनात पूल बांधत असतो,” डॉक्टर हसत म्हणाले. “बघा बरं, काही चुकलंय का?”

“बाकाचा पाय डावीकडचा मोडला होता,” मी म्हणालो. काहीतरी खोट काढल्याशिवाय मला बरं वाटत नाही.

प्लॅटफॉर्मवर नखाएवढा स्टेशन मास्तर उभा होता. हात पुढे केलेला, हातात तारेचं कडं. खरं टोकन असं कड्याला अडकवलेल्या पिशवीत घालूनच देतात, म्हणजे धावत्या इंजिनातूनही उचलता येतं. गाडी आली, स्टेशनात थांबली, सुटली, खिंडीतून जाऊन टेबलाला वळसा घालून चार मिनिटांत परत आली. मी पुन्हा मास्तराकडे पाहिलं. त्याचा हात रिकामा होता.

मी चष्मा पुसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसानं डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नये. पुढच्या फेरीला वाकून इंजिनात पाहिलं, तर कडं ड्रायव्हरच्या हातात होतं.

“डॉक्टर, ही माणसं हलतात का?”

“छे! चिकटवलेली आहेत सगळी. ओढली तर पाय तुटतील.”

मी हसलो. मग मला ओल्या कोळशाचा वास आला. टेबलावरची गाडी विजेवर चालत होती, आणि बाहेरचं खरं इंजिन दुसऱ्या टोकाला गेलेलं होतं. वास टेबलावरूनच येत होता. त्यातच कुठेतरी घंटेचे तीन ठोके पडले, अगदी बारीक. खालचं स्टेशन गाडीबद्दल विचारायला असेच ठोके द्यायचं. आजूबाजूला कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

स्टेशनाच्या खोलीच्या खिडकीत उजेड होता. मी टेबलावर इतका वाकलो की एक बाई मला मुलांना बघू द्या म्हणाली. आत भिंतीशी तांबडं टोकनचं यंत्र होतं. त्याच्यासमोर एक माणूस एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायाची टाच यंत्राच्या डाव्या कोपऱ्याला, खालच्या बाजूला टेकलेली.

“आत हा माणूस कुणी ठेवला?” माझा आवाज चिरका निघाला.

“आत?” डॉक्टर म्हणाले. “आत काही नाही मास्तर. पोकळ पुठ्ठा आहे नुसता.”

त्या टाचेचं सांगतो. आमच्या यंत्रात एक खोड होती. दांडा ओढून धरायचा आणि डाव्या कोपऱ्यात टाच हाणायची, की कुलूप उडून दुसरं टोकन हातात यायचं. हे आम्हा दोघा-तिघांना माहीत होतं आणि लाज वाटावी इतक्यांदा आम्ही ते केलं होतं. कारण खालचा मास्तर महाआळशी. गाडी पोचली तरी तिचं टोकन यंत्रात परत घालायला त्याला अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ इथे प्रवाशांच्या शिव्या कोण खाणार? त्या दुपारी मला वाटलं, आधी खाली गेलेल्या गाडीचंच टोकन बाहेर असणार, हा बाबा नेहमीसारखा डुलक्या काढत असणार. त्यानं ते केव्हाच परत घालून मालगाडीला दुसरं दिलं होतं. घंटा वाजवून विचारायचेही कष्ट घेतले नाहीत. टाच हाणली, टोकन काढलं आणि स्वतःच्या हातानं दादाला दिलं. त्यानं ते नीट बघून घेतलं, मान हलवली आणि गाडी सोडली.

ते बाकीचे दोघे कधीच वारले. मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

“अरे, ही कशी सुटली?” डॉक्टर म्हणाले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाची मालगाडी निघाली होती. डॉक्टरांनी बटण दाबलं. मग दुसरं दाबलं. मग टेबलाखाली शिरून प्लगच ओढून काढला. शेजारच्या टेबलावरचे दिवेही गेले.

गाड्या चालतच होत्या.

मुलं पुढे सरकली. कुणीतरी मोबाइल काढला. सगळ्यांना वाटलं, खेळाचाच भाग आहे. मी वळणाजवळ हात घातला, पण रुळाला बोट लावायची हिंमत झाली नाही.

दोन्ही इंजिनं वळणावर एकमेकांना टेकली. आवाज काडी मोडल्याएवढाच झाला. दादाचं इंजिन कलंडलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मागे वळलो तर पुतणी उभी होती. तिच्या शेजारी अध्यक्ष होते, ती त्यांना माझ्यासाठीच घेऊन आली होती.

“मी दिलं होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“टोकन. दादाला टोकन मी दिलं होतं.”

मग मी थांबलोच नाही. टाच सांगितली, खालचा आळशी मास्तर सांगितला, धडकेचा आवाज ऐकून रुळांवरून धावत गेलो ते सांगितलं. सगळ्यांच्या आधी मी पोचलो होतो. दादाच्या इंजिनातून टोकन घेतलं, शर्टाच्या आत लपवलं, परत येऊन यंत्रात घातलं. पश्चात्ताप झाला म्हणून सांगितलं असं कुणी समजू नये. मी घाबरलो होतो, एवढंच.

“आणि बाबा?” पुतणीनं विचारलं.

“दादा तेव्हा गेलेला होता,” मी म्हणालो.

अध्यक्षांनी बराच वेळ घसा खाकरला. शेवटी म्हणाले, “मास्तर, लिहून द्याल?” मी तिथेच कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं. चारला पाटी उघडताना नाव जाहीर करू, कोरून नंतर घेऊ, असं ते म्हणाले आणि गेले. पुतणी रडत होती. मला वाटलं होतं ती तोंडावर थुंकेल. तिनं माझा हात हातात घेतला.

“फार उशीर केलात, काका,” ती म्हणाली. “आईला ऐकायला मिळायला हवं होतं.”

सत्तावीस वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला. शरम वाटायला हवी होती, पण खोटं का बोलू, मला स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर कलंडलेलं इंजिन उचलून उजेडाकडे घेऊन गेले. डोळ्याला आपलं दात तपासायचं भिंग लावलं आणि तसेच उभे राहिले.

“याची बोटं,” ते म्हणाले. “मी कधी बोटं करतच नाही. एवढ्याशा हाताला बोटं कशी करणार? रंगाचा एक थेंब देतो, झालं.”

“बघू,” पुतणी म्हणाली. माझा हात न सोडताच तिनं दुसऱ्या हातानं भिंग डोळ्याला लावलं. ड्रायव्हरच्या उजव्या हातातलं कडं नाहीसं झालं होतं. तिनं फार वेळ पाहिलं. असे हात ती रोज पाहते.

“तीन बोटं मागे मोडलीयेत,” ती हळूच म्हणाली. “एकेक करून. शेवटचं नाही मोडलेलं. ते सरळ आहे.”

तिनं भिंग खाली ठेवलं.

“माणूस गेला की मूठ लगेच सैल पडते, काका. उघडावी लागत नाही.”

तिनं माझा हात सोडला. बाहेर चारची शिटी झाली आणि लाउडस्पीकरवरून दादाचं नाव घेतलं गेलं.

तीन बोटं मी उघडली होती. चौथं त्यानं आपणहून सोडलं, माझा चेहरा ओळखल्यावर.