रविवारची पाव फेरी

दर रविवारी सकाळी चहा झाला की फोटोवाला खिडकीतली मॉन्स्टेराच्या वेलीची कुंडी पाव फेरी फिरवायचा. झाडं उजेडाकडे झुकतात, फिरवत राहिलं की सरळ वाढतात. सगळा जन्म स्टुडिओत गेलेला, त्यामुळे उजेडाच्या बाबतीत त्याला कुणी शहाणपण शिकवायची सोय नव्हती. ओल्या फडक्याने पानं पुसणं, मातीत बोट खुपसून ओल बघणं, हे सगळं पूर्वी बायको करायची. ती दवाखान्यातून आली ती गॅलरीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत बसली, आणि वेलीचं सगळं याच्या गळ्यात पडलं.

आजार गेला, आता फक्त ताकद यायला हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. ती काही येत नव्हती. दोन घास खाल्ले की बायको ताट सरकवायची. याचा जीव तिळतिळ तुटायचा, पण तोंडावर तो तसं दिसू द्यायचा नाही.

वेल मात्र जोमात होती. फक्त तिचा शेंडा खिडकीकडे पाठ करून खुर्चीकडे निघाला होता. कुंडी फिरवली, तरी तो पुन्हा तिकडेच. खुर्ची समोरच्या भिंतीशी नेली, तर तो तिकडे वळला.

"माझ्यावर डोळा आहे तिचा," बायको म्हणाली. "या वयात."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही पाणी घाला."

त्याने खुर्ची परत दाराशी आणली आणि रोपं विकणाऱ्या बाईला जाऊन विचारलं.

"कोवळेपणी ही उजेडाकडे जातच नाही," ती म्हणाली. "जंगलात सगळ्यात गडद अंधार मोठ्या झाडाच्या खोडाशी असतो. ती ते खोड शोधते. एकदा मुळांनी ते धरलं, की मग चढते उजेडाकडे."

"पण ती जाते तिथे अंधार नाही हो. भर उन्हाची जागा आहे."

"तिला दिसत असेल," बाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने स्टुडिओतला उजेड मोजायचा मीटर घरी आणला. बायको अंघोळीला गेली होती तेव्हा रिकाम्या खुर्चीपाशी धरला. काटा पार टोकाला गेला. ती येऊन बसल्यावर तिच्या मांडीपाशी धरला, तर काटा खाली आला. त्याने मीटर स्वतःच्या छातीपाशी धरला. काटा वर. पुन्हा तिच्यापाशी. खाली.

त्याने मीटरच्या काचेवर टिचकी मारली.

"माझा फोटो काढताय?"

"मीटर बिघडलाय का बघतोय," तो म्हणाला.

मग रोज तो काही ना काही निमित्त काढून मोजत राहिला. रोज काटा आणखी खाली. एका दुपारी तिच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन होतं, आणि तिच्या गळ्यापाशी काटा शून्यावरून हललाच नाही. वेलीचा शेंडा खुर्चीच्या पाठीला टेकायला आला होता.

तो तडक स्टुडिओत गेला आणि मोठी कात्री घेऊन आला.

दार उघडलं तर बायको जेवत होती. ताट चाटून पुसून लख्ख केलेलं. गालावर रंग आला होता.

"अजून आहे का हो?"

शेंडा तिच्या खांद्यावर होता. त्याचं एक तपकिरी मूळ मानेवरून आत, कॉलरखाली गेलं होतं.

त्याने कात्री उघडली.

"कापू नका," ती शांतपणे म्हणाली. "मला बरं वाटतंय."

हे तीन शब्द ऐकायला त्याचे कान आसुसले होते. त्याने कात्री खणात टाकली, मीटरही टाकला, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडला. आनंदानेच रडला, असं त्याने स्वतःला सांगितलं.

ती अंगाने भरत गेली. वेलीला मोठी पानं आली, त्यांना फटी पडल्या. शेंडा तिच्या डोक्यावरून गॅलरीच्या दाराकडे चढू लागला. बायको खुर्चीतून उठेना. त्याने विचारलं नाही. मग ताटही मागेनाशी झाली, फक्त पाणी मागू लागली. तेही त्याने विचारलं नाही. ती घरात होती, बोलत होती, एवढं त्याला पुरे होतं.

रविवारी त्याने एकट्यानेच चहा घेतला. ओल्या फडक्याने पानं पुसली, मातीत बोट घालून ओल पाहिली, कुंडी फिरवली आणि हात धुवायला निघाला.

"अहो," मागून ती म्हणाली. ती अख्खी गॅलरीकडे झुकली होती.

"मला फिरवायचं राहिलं."