मागे सरकलेली सीट

दादाची कूपे, म्हणजे त्याची दोन दारांची गाडी, मी बत्तीस वर्षं फक्त शेजारच्या सीटवरून पाहिली. तो चालवायचा, मी मांडीवर नकाशा पसरून वळणं सांगायचो. तो गेल्यावर ती चार वर्षं गॅरेजमध्ये उभी राहिली.

शेवटी पुतणीने स्पष्टच सांगितलं. "काका, न चालणारी गाडी म्हणजे नुसतं कपाट. रविवारी सकाळी तुम्ही स्वतः ती चालवत टेकडीवर माझ्याकडे आणलीत, तर तुमची. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय."

लायसन्स होतं. धाडस नव्हतं. वाचनालयात आयुष्य काढलेला माणूस दुसरं काय करणार? मी गाडीचं माहितीपुस्तक उघडलं.

सत्तरच्या दशकातली जर्मन गाडी. सहा सिलिंडर एका ओळीत. काचा उतरवल्या की मधे खांबच नाही, सबंध बाजू मोकळी. बॉडी बरीचशी हातांनी जुळवलेली. देखणी, पण गंजाला हळवी.

मी एकेक ओळ वाचायची आणि गॅरेजवर बोलावलेल्या मिस्त्रीने तसं करायचं, अशी आमची पद्धत ठरली.

"साहेब, वाचून गाड्या सुरू झाल्या असत्या तर मी पक्कड विकून पुस्तकं घेतली असती."

गुरुवारी इंजिन सुरू झालं. तेव्हा मात्र त्याने पुस्तकावरचं ग्रीस स्वतःच्या बाहीने पुसलं.

माझे पाय आखूड, म्हणून रोज संध्याकाळी मी चालकाची सीट पुढे ओढून ठेवायचो. रोज सकाळी ती पार मागे गेलेली असायची, सहाफुटी दादाला लागायची तितकी.

"तुम्ही सरकवता का?" मी मिस्त्रीला विचारलं.

"मी कशाला? तुम्हीच विसरत असाल."

विसरत असेन. स्वतःवर माझा तेवढा विश्वास कधीच नव्हता.

रविवारी मी सीट पुढे ओढली. खटका बसल्याचा आवाज नीट ऐकला. दादाचा नकाशा घडी करून शेजारच्या सीटवर ठेवला.

बाजारात गाडी दोनदा बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने माझ्या वयाचा उद्धार केला. टेकडीच्या पायथ्याशी मी वेग कमी केला. परत फिरावंसं वाटलं, पण सोमवार आठवला.

चढावर गिअर अचानक लोण्यासारखा पडला. इंजिनाचा आवाज भरदार झाला. वारा आरपार वाहत होता. सवयीने मी वळणं मोठ्याने सांगू लागलो, आणि गाडी ती झोकात घेत गेली. मी हसत होतो. पुस्तकाबाहेरचं काहीतरी मला पहिल्यांदाच जमत होतं.

पुतणी फाटकात टाळ्या वाजवत उभी होती. समोरच्या काचेवर ऊन चमकत होतं.

"जिंकलात, काका. शेवटचं वळण एका हाताने घेतलंत ना? अगदी बाबांसारखं."

ती चालकाच्या दाराकडे धावली.

मी दार उघडून उतरलो.

गाडी आम्हा दोघांच्या मधे होती.

माझ्या हातात नकाशा होता. उघडा. बोट शेवटच्या वळणावर.

पलीकडे पुतणीने दार उघडलं. सीट पार मागे होती. तिने तिच्यावर तळहात टेकला.

"उबदार आहे," ती हळूच म्हणाली.

मी माझ्या बाजूची सीट चाचपली.

तीही उबदार होती.