दातातली फिकी रेघ

"मी पोटात असताना आईनं अंगाला काय काय चोळलं होतं?"

केतकीनं हे विचारलं ते निव्वळ पैजेखातर. मैत्रिणींनी डिवचलं होतं, विचारून दाखव, समोसे आमच्याकडून.

वर्ग कराडच्या दंतवाचन केंद्रात आला होता. दुधाचा दात झाडाच्या खोडासारखा थराथरानं वाढतो आणि त्याचे पहिले थर आईच्या पोटातच बसतात. त्या थरांतून आईनं वापरलेली औषधं, सोसलेले ताण वाचणारी यंत्रं आता गावोगाव झाली होती. पडलेला दात कौलांवर भिरकावायचे दिवस सरले. तो डबीतून केंद्रात जमा व्हायचा आणि पंधरावं लागलं की ज्याचा त्याला वाचायला मिळायचा.

पडद्यावर केतकीचा दात उमटला. त्यात एक फिकी रेघ आणि पुढे एक काळीकुट्ट. कुजबुज सुरू झाली. आईला इसब आहे, ती स्टेरॉइडचं मलम लावायची, हे केतकीला ठाऊक होतं. कुणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "बघा, मुरांब्यासारखं मुरवलंय मला मलमात."

सगळे हसले. केंद्रातल्या डॉ. निलोफर तांबोळी तेवढ्या हसल्या नाहीत.

"मलम म्हणजे ती फिकी रेघ. सौम्य मलम डॉक्टर सांगतील तेवढंच लावलं, तर रक्तात अगदी थोडं उतरतं. जपायचं ते जहाल मलम भरपूर आणि बरेच दिवस लावताना."

"मग काळी?"

"ती मलम सोडल्यानंतरची. खाज, जागरणं, चिघळलेली कातडी. घाबरून सोडलं असणार तिनं."

केतकीला आईचे हात आठवले. आई पुन्हा गरोदर होती, आणि हल्ली घरातही हातमोजे घालून वावरत होती.

घरी पोचताच तिनं आईचा मोजा ओढून काढला. बोटांच्या बेचक्यांत पू धरला होता, हात तव्यासारखा तापला होता. डॉक्टरांनी दिलेली ट्यूब कपाटात तशीच, सील न फोडलेली. बाबा खाली मान घालून सांगू लागले, की शेजारचा ओंकार दात वाचून आल्यापासून स्वतःच्या आईवर रागावून तिच्या हातचं जेवत नाही.

"याचाही दात वाचतील ना," आई पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली. "तू आज काय वाचून आलीस, सांग एकदाचं."

केतकीला कळलं, आई इतकी वर्षं या दिवसाला भीत आली होती. म्हणजे केतकीलाच भीत आली होती.

"बाबा, रिक्षा बोलवा. आधी डॉक्टरांना हात दाखवू. त्यांनी हो म्हटलं की मलम रोज मी लावणार. पुढे दूध पाजताना छातीवर मलम असेल तर आधी पुसायचं, तेही मीच बघणार. आणि बाळानं उद्या त्याची रेघ वाचली, तर त्याला सांगा, आईनं नाही लावलं, ताईनं लावलं. माझ्याशी अबोला धरू दे त्याला. मी ठरवलंय."