मापाचा हिरवा कुर्ता

घाटकोपरला भटवाडीत माझं शिलाईचं दुकान आहे. आठ बाय सहा. वहीत मापं लिहायची मला सवय नाही. नेहमीच्या बायका एक जुना कपडा मापाला ठेवून जातात. ऋतिकाचा हिरवा सुती कुर्ता चार वर्षं माझ्याकडे खिळ्याला होता. कंबर छत्तीस.

तिच्या साखरपुड्यात होणारी सासू म्हणाली, "फोटोत मावली म्हणजे मिळवलं." सगळे हसले. ऋतिकाही हसली. मग अंधेरीच्या एका क्लिनिकात जाऊन पोटाची चरबी ओढून घेऊन आली. लायपोसक्शन. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. रक्ताची गुठळी होऊ शकते, चरबी फुप्फुसात जाऊ शकते, आत पू होऊ शकतो, जीव जाऊ शकतो, हे सगळं सहा पानांवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. सही घेतली ती टेबलावर आडवी झाल्यावर. "फॉर्मॅलिटी आहे," डॉक्टर म्हणाला. हरामखोर.

महिन्याने ती रिसेप्शनच्या घागऱ्याचं माप द्यायला आली. ऑपरेशननंतर बांधलेला पोटाचा पट्टा सोडला. पोट काळंनिळं, कुठे खड्डा, कुठे गाठ. दोनदा सुईने पाणी काढलेलं.

"दुखतं?"

"काहीच नाही गं. हात लावला तरी कळत नाही. कळायला लागेल म्हणतात हळूहळू."

मी कापड टाचत होते. एक टाचणी थेट कातडीत गेली. रक्ताचा ठिपका आला. ऋतिका मोबाइलवर मेंदीची डिझाइन्स बघत होती.

कंबर एकतीस भरली.

"तो हिरवा कुर्ता आता याच मापाचा कर ना," निघताना म्हणाली. "केळवणाला घालते. बघू दे सासूला, जुनाच कुर्ता किती आत घ्यावा लागला ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुर्ता काढायला गेले. खिळा खाली वाकला होता. कापड कोमट लागलं. पत्रा तापला असेल, म्हटलं. पण शेजारचे कपडे थंड होते. टेबलावर पसरला, तर पोटापाशी सपाट बसेना. तळहाताने दाबला. दबला, आणि सावकाश वर आला.

टेप लावली. अडतीस. दुसरी टेप लावली. अडतीस.

सुती कापड आटतं. वाढत नाही.

मी शिवणीशी खूण केली आणि टाचणी खुपसली.

फोन वाजला.

"मालनताई, टोचलं गं मला! पोटात, डावीकडे. आत्ता!" ऋतिका रडत होती. आनंदाने. "पहिल्यांदा काहीतरी कळलं, यार."

टाचणी डावीकडे होती. मी काढली.

"आता?"

"आता थांबलं."

मी उजवीकडे नुसतं टोक टेकवलं.

"आई गं. परत. या बाजूला."

मी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली.

संध्याकाळी ती आली. मी म्हटलं, "हा कुर्ता मी कापणार नाही. आणि तू आधी मोठ्या हॉस्पिटलात दाखव."

"काय झालंय तुला? परवा केळवण आहे. दोन बाजू तर आत घ्यायच्यात."

"तुला टोचलं ना, तेव्हा मी ह्याला टाचणी लावत होते."

ती हसली. साखरपुड्यात हसली होती तशी.

"तू पण ना. जळतेस का गं? राहू दे. जयंतीकडे देते."

तिने कुर्त्याची घडी घालून पोटाशी धरली.

"गरम आहे. इस्त्री केलीस?"

जयंतीचं शिलाईचं दुकान पलीकडच्या गल्लीत. मी शटर ओढून गेले, तर ती बंद करून घरी गेलेली. फोन उचलत नव्हती.

सकाळी अकराला जयंती स्वतःच माझ्या दारात आली. पदराला बोटं पुसत होती. पदर तेलकट झाला होता.

"मालन, तुझी कात्री दे गं. त्या हिरव्या कुर्त्याची एक बाजू कापून झाली. माझी सारखी ओली होतेय."